ॲनिमे पाहू इच्छिणाऱ्या नवख्याला पहिली मालिका कोणती सुचवावी?

सांजवारा

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. "तुम्ही मुलं ती जपानी कार्टून बघता ना, त्यातलं मला झेपेल असं एखादं सांग." आत्या निवृत्त शिक्षिका आहे, रहस्यकथा आणि चरित्रे आवडीने वाचते, आणि तिच्या नातवाने तिला त्याआधीच 'वन पीस'च्या पहिल्या भागासमोर बसवून झाले होते. तिने तीन भाग सोसले, मग एकूण भाग किती असे विचारले आणि अकराशेच्या वर हा आकडा ऐकून चष्मा काढून ठेवला. नातवाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण १९९९ पासून चालू असलेल्या त्या मालिकेवर त्याचा खरोखरच जीव आहे. पण आपल्याला जे सर्वांत प्रिय तेच नवख्याच्या पानात वाढायचे, ही आपणा सर्वांचीच खोड आहे, आणि तिच्यापायी कितीतरी चांगले प्रेक्षक उंबरठ्यावरूनच माघारी जातात असे मला वाटू लागले आहे. म्हणून हा धागा काढला.

माझे म्हणणे असे की नवख्याला आधी 'तुम्ही एरवी काय वाचता, काय पाहता' हे विचारावे आणि मगच मालिकेचे नाव घ्यावे. जपानमध्ये शस्त्रक्रियेपासून सुलेखनापर्यंत आणि अंतराळातला कचरा गोळा करणाऱ्यांपासून बुद्धिबळासारख्या शोगी या खेळातल्या व्यावसायिकांपर्यंत सर्वांच्या गोष्टी चित्रमालिकांतून सांगितल्या जातात. 'ॲनिमे आवडत नाही' असे कोणी म्हणाले की 'कादंबरी आवडत नाही' असे म्हटल्यासारखे वाटते. कोणती कादंबरी, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

आपल्यापैकी अनेकांनी पहिले ॲनिमे नकळतच पाहिले आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागणारा मोगली निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ मध्ये केलेल्या ५२ भागांच्या मालिकेतला होता. गुलजारांचे शीर्षकगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, यांमुळे ती आपल्याला घरचीच वाटली, एवढेच. पुढच्या पिढीसाठी तेच काम २००५ पासून हंगामा वाहिनीवर हिंदीत आलेल्या 'डोरेमॉन'ने केले. त्यामुळे एखादी काकू 'मी असले काही पाहिलेले नाही' म्हणाली तर तिला आधी मोगलीची आठवण करून द्यावी, निम्मा संकोच तिथेच जातो.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. पहिली लांबीची. जपानमध्ये वर्षाचे चार हंगाम धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरपासून सुरू होणारे, आणि एका हंगामात आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १३ भाग बसतात. म्हणून बहुतेक मालिका १२, २४ किंवा २६ अशा संख्यांत आढळतात. एक भाग सुमारे २४ मिनिटांचा, त्यातली तीन मिनिटे सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्याची. म्हणजे गाणी वगळली तर १२ भागांची मालिका सव्वाचार तासांत संपते, आणि नवख्याने संपलेल्या, आटोपशीर मालिकेपासूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. 'शोनेन', 'शोजो', 'सेइनेन', 'जोसेई' हे शब्द तुमच्या कानावर पडतील. ते अनुक्रमे मुलगे, मुली, प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्रिया यांच्यासाठी निघणाऱ्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, नियतकालिकांचे वाचकवर्ग आहेत. कथा कशी असेल हे त्यावरून थोडेफार कळते, पण पूर्ण कळत नाही. दिवाळी अंक कोणत्या वाचकासाठी काढला आहे यावरून त्यातली प्रत्येक कथा कशी असेल हे कुठे सांगता येते?

आत्यासाठी मी 'मॉन्स्टर' निवडली. नाओकी उरासावा यांच्या मांगावर मॅडहाउस या स्टुडिओने २००४-०५ मध्ये केलेली ही मालिका आहे. भाग ७४, म्हणजे माझाच आटोपशीरपणाचा नियम मी मोडला, पण रहस्यकथेच्या वाचकाला लांबीचे भय नसते. केन्झो तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद १९८६ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ येथे एका रुग्णालयात काम करतो. एका रात्री त्याला वरून आदेश येतो आणि तो एका प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया करून त्याला वाचवतो. नंतर एक तुर्की बाई रुग्णालयात त्याला गाठते. तिच्या मजूर नवऱ्याला गायकाच्या आधी आणले होते, आणि तो गेला. तिचा प्रश्न एवढाच आहे, की माझा माणूस आधी आला असताना तुम्ही दुसऱ्यावर शस्त्रक्रिया का केली? पुढच्या खेपेला तेन्मा महापौरांना बाजूला ठेवून आधी आलेल्या एका लहान मुलाला वाचवतो, आणि तो मुलगा कोण होता हे त्याला नऊ वर्षांनी कळते. यापुढे सांगत नाही.

आपण कोणाला काय सुचवले आणि ते लागू पडले की फसले, हे कृपया लिहावे. नुसती नावांची यादी नको. माणूस कसा आणि मालिका का, हे दोन्ही यावे.

---

पाटीपेन्सिल

धागा अगदी वेळेवर आला. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि दिवसभर याच विषयावर बोलत असतो; त्याच्याशी बोलता यावे म्हणून मला पाहायचे आहे. दोन प्रामाणिक अडचणी आहेत. एक म्हणजे चित्रे हलतच नाहीत. पात्र बोलते तेव्हा फक्त तोंड उघडझाप करते आणि बाकीचा चेहरा भिंतीवरच्या तसबिरीसारखा स्थिर असतो. दुसरी अडचण अशी की मुलाच्या शेजारी बसून पाहताना काही मालिकांत मुलींची चित्रे ज्या तऱ्हेने काढलेली असतात त्याने मला ओशाळायला होते. याला काय करावे?

---

सांजवारा

पाटीपेन्सिल ताई, पहिल्या अडचणीला साठ वर्षांचा इतिहास आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु', म्हणजे आपल्याकडे 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून माहीत असलेली मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाची चित्रमालिका, तीही अत्यंत कमी पैशांत, हे गणित जमवण्यासाठी तेझुकांच्या मंडळींनी काटकसरीच्या नाना युक्त्या पक्क्या केल्या. चेहरा तसाच ठेवून फक्त ओठ हलवायचे, एकदा काढलेली चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरायची, स्थिर चित्रावरून कॅमेराच सरकवायचा. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. जपानी मालिकांत एक चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवणे सर्रास चालते, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. वाचवलेली मेहनत मग ज्या क्षणाला जीव ओतायचा असेल तिथे खर्च होते. डोळा एकदा सरावला की त्या स्थिरपणाचा उपयोग शांततेसाठी किती नेमका केला जातो तेही दिसू लागते.

दुसरी तक्रार रास्त आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. तो प्रकार बऱ्याच मालिकांत आहे, काही उत्तम मालिकांतही मध्येच येऊन रसभंग करतो. पाहण्याच्या मंचावर दिलेली वयोमर्यादा आधी पाहावी आणि पहिले दोन भाग स्वतः एकटीने पाहून घ्यावेत, एवढेच सांगू शकतो. 'मॉन्स्टर' मात्र मुलाबरोबर पाहू नका. त्यातली हिंसा दिसते कमी, पण मनात राहते फार.

तुम्हा दोघांसाठी 'बाराकामोन' सुचवतो. २०१४ ची, अवघ्या १२ भागांची मालिका आहे. हान्दा नावाचा तरुण सुलेखनकार एका प्रदर्शनाच्या वृद्ध संचालकाला ठोसा लगावतो, कारण त्यांनी त्याच्या अक्षराला पाठ्यपुस्तकी म्हटलेले असते. वडील त्याला नागासाकीकडच्या गोतो बेटांवर धाडून देतात. तिथे नारू नावाची सहा-सात वर्षांची कार्टी त्याच्या घरात हक्काने घुसते. पहिल्याच भागात ती त्याला समुद्राकाठच्या एका भिंतीवर चढायला लावते. भिंतीपलीकडे काय आहे ते चढल्याशिवाय कसे कळणार, हा तिचा सवाल. तो धापा टाकत वर चढतो आणि समोर मावळता सूर्य असतो. घरी परतून तो जमिनीवर भला मोठा कागद पसरून शाईने बरबटत जे अक्षर लिहितो, ते पाठ्यपुस्तकात बसणारे नसते. गोतोच्या बोलीत 'बाराकामोन' म्हणजे उत्साहाने सळसळणारा माणूस.

---

दर्यावर्दी

सांजवारा, तुमच्या निवडीविषयी आदर बाळगून थोडा विरोध नोंदवतो. तुम्ही नवख्याला थेट अभ्यासिकेत नेऊन बसवता. माझ्या पणजीतल्या चार मित्रांना मी अशाच मंद, सुंदर मालिका दाखवल्या. चौघेही सौजन्याने झोपले. पाचव्याला 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' दाखवली, त्याने ६४ भाग तीन आठवड्यांत संपवले आणि आता तो मलाच मालिका सुचवतो.

लोकप्रिय मालिका लोकप्रिय का होतात याचाही विचार करावा. 'फुलमेटल'च्या लेखिका हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढल्या आहेत, आणि काही मिळवायचे तर तितक्याच मोलाचे काही द्यावे लागते, हा तिचा मूळ नियम मला नेहमी गोठ्यात पहाटे उठणाऱ्या माणसाचा नियम वाटतो. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात. एकाचा हात-पाय जातो, दुसऱ्याचे अख्खे शरीर जाते आणि त्याचा जीव एका पोकळ चिलखतात अडकून राहतो. ही गोष्ट ऐकून कोणाला झोप येईल? एक सावधगिरी मात्र बाळगावी. याच कथेची २००३ ची आणखी एक मालिका आहे, ५१ भागांची. तेव्हा मूळ मांगा पूर्ण झाला नव्हता, म्हणून तिने अर्ध्या वाटेवरून आपला वेगळा रस्ता धरला. नवख्याने २००९ ची 'ब्रदरहूड' पाहावी.

पाटीपेन्सिल ताईंच्या मुलाने 'हायक्यू' पाहिली नसेल तर दोघांनी ती पाहावी. व्हॉलीबॉलवर आहे, पहिल्या हंगामाचे २५ भाग. बुटका नायक माध्यमिक शाळेतला आपला एकुलता एक सामना पहिल्याच भागात अर्ध्या तासात हरतो, आणि तेवढ्यानेच आपण त्याच्या बाजूचे होतो. आमच्याकडे गावागावांत फुटबॉलचे वेड आहे. सामन्यातल्या एका गुणासाठी दोन भाग खर्ची घालणारी गोष्ट आम्हाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

---

सांजवारा

चौघांच्या झोपेची नोंद घेतली. तुमचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. त्या चौघांना तुम्ही पाहण्याआधी काय आवडते हे विचारले होते का?

---

दर्यावर्दी

नव्हते विचारले. एक गुण तुमचा.

---

निशीकासाईकर

मी नऊ वर्षे तोक्योत राहतो, त्यामुळे इथल्या बाजूने थोडे लिहितो. भारतात जी ॲनिमे चर्चेत असतात त्यांतल्या बऱ्याच मालिका इथे मध्यरात्रीनंतर प्रक्षेपित होतात. वेळापत्रकात त्यांची वेळ '२५:३०' अशी छापलेली असते, म्हणजे रात्रीचा दीड. दिवस संपला असे मानायचेच नाही. घराघरांत जे पाहिले जाते ते वेगळे. 'साझाए-सान' ही एका एकत्र कुटुंबाची साधी मालिका ऑक्टोबर १९६९ पासून रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते, आणि जगातली सर्वांत दीर्घकाळ चाललेली चित्रमालिका म्हणून तिची गिनेसकडे नोंद आहे. तिचे शेवटचे गाणे वाजले की उद्या सोमवार या विचाराने पोटात जो गोळा येतो, त्याला इथे 'साझाए-सान आजार' असे नावच पडले आहे. माझ्या कचेरीतल्या सहकाऱ्यांपैकी कोणाला 'मुशिशी' माहीत असेल याची खात्री नाही, पण साझाए-सानचे घर सगळ्यांच्या ओळखीचे.

खरे तर मला भाषेविषयी लिहायचे आहे, कारण नवख्याला पहिला प्रश्न पडतो तो मूळ जपानी आवाजात पाहावे की डबिंग पाहावे हाच. माझे मत मूळ आवाजाच्या बाजूने आहे, आणि मराठी माणसाला तर त्याचा अधिक लाभ आहे. जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते. त्यामुळे पात्र वाक्य अर्धवट सोडून गप्प झाले की काय राहून गेले हे आपल्याला जाणवते. इंग्रजी उपशीर्षकांत क्रियापद आधीच येऊन पडलेले असते आणि तो थांबा वाया जातो. नावापुढे लागणारे 'सान', 'कुन', 'चान', 'सामा' हे संबोधनाचे प्रत्यय इंग्रजीत बहुधा गळतात. एखादी मुलगी एखाद्याला इतके दिवस आडनावापुढे 'कुन' लावून हाक मारत होती आणि आज तिने नुसते नाव घेतले, हा प्रसंग मालिकेत भूकंपासारखा असतो. 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचे महत्त्व ज्याला ठाऊक आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक उदाहरण देतो, ते मला पहिल्याच आठवड्यात भेटले. घरातून बाहेर पडताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो. शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. घरातले माणूस उत्तर देते 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन ये'. आमची आजी 'जातो' म्हटले की रागवायची, 'येतो म्हण' म्हणायची. तिला हे जपानी चटकन पटले असते. उपशीर्षकात तिथे 'मी निघालो' एवढेच येते. परत आल्यावर 'तादाइमा', आणि आतून 'ओकाएरी'.

हे माहीत असेल तर 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' ही मालिका वेगळीच उलगडते. चिका उमिनो यांच्या मांगावर २०१६ ते २०१८ या काळात आलेली, ४४ भागांची. नायक रेई सतरा वर्षांचा शोगी खेळाडू आहे, व्यावसायिक, म्हणजे स्वतःच्या कमाईवर जगणारा. आईवडील आणि बहीण अपघातात गेलेले, नदीकाठच्या जवळजवळ रिकाम्या खोलीत एकटा राहतो. पहिल्या भागाची सुरुवातीची कितीतरी मिनिटे कोणी बोलतच नाही. तो उठतो, चालत जातो, पटावर बसतो आणि समोरच्या प्रौढ माणसाला हरवतो. तो माणूस त्याचा मानलेला बाप आहे हे आपल्याला मागाहून कळते. मग नदीपलीकडच्या तीन बहिणींच्या घरी त्याला जेवायला बोलावणे येते, करी-भात असतो, धाकटी त्याच्या अंगाखांद्यावर लोळते. सकाळपासून ज्याच्याशी कोणी धड बोललेले नाही, त्याला 'ये, बस' म्हणणारे घर काय असते, हे त्या ताटांच्या आवाजातून कळते. शोगी मला आजही येत नाही. काही अडत नाही.

पाटीपेन्सिल ताई, दुसऱ्या हंगामात मधल्या बहिणीच्या शाळेतल्या छळाचे प्रकरण येते. तेरा वर्षांच्या मुलाबरोबर ते जरूर पाहावे, आणि घाईने पाहू नये.

---

तिसरीघंटा

मी या विषयात मुळात शिरलो नसतो. हौशी रंगभूमीवर तीस वर्षे काढलेला माणूस, चित्रांना अभिनय कसला करता येणार असा माझा ठाम समज होता. भाचीने न विचारता 'शोवा गेनरोकु राकुगो शिन्जू' लावून दिली, आणि हातातला चहा तसाच निवून गेला.

राकुगो म्हणजे जपानी एकपात्री कथाकथन. कलावंत चटईवरच्या गादीवर गुडघे मोडून बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. साहित्य म्हणजे एक पंखा आणि एक पंचा. पंखाच कधी काठी, कधी चिलीम, कधी दारूचा पेला. मान एका बाजूला वळली की घरमालक, दुसऱ्या बाजूला वळली की भाडेकरू. आपल्याकडे कथाकथनाच्या रंगलेल्या बैठका ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात परके काहीच वाटणार नाही.

हारुको कुमोता यांच्या मांगावरून केलेल्या या मालिकेचा पहिला हंगाम २०१६ मध्ये आला, १३ भागांचा, आणि दुसरा २०१७ मध्ये, १२ भागांचा. तुरुंगातून सुटलेला एक गुंड थेट याकुमो या थोर कलावंताच्या दारात जाऊन शिष्य करून घ्या म्हणतो, कारण तुरुंगात याकुमोचा कार्यक्रम झाला होता आणि त्यातली 'शिनिगामी' ही मृत्युदेवतेची कथा त्याच्या डोक्यातून जात नाही. त्या कथेत माणसांची आयुष्ये मेणबत्त्यांसारखी जळत असतात आणि एकाची विझत आलेली असते. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे आणि त्यात अख्खे सादरीकरण पाहायला मिळते. तालमीच्या दिवसांत मी नवोदितांना त्याच्यापुढचा प्रसंग सांगतो: हा उत्साही शिष्य गुरूचा प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहामागे झोपतो आणि घोरतो. गुरू आवाज चढवत नाही, पण घर सोडायला सांगतो. त्या शांत स्वरातला राग ज्या आवाज-अभिनेत्याने उभा केला आहे त्याला माझा नमस्कार. एकच पात्र तरुणपणी आणि म्हातारपणी, शिवाय त्या पात्राने रंगवलेली दहा पात्रे, हे सगळे एका गळ्यातून. अकिरा इशिदा हे त्यांचे नाव.

शीर्षकातल्या 'शिन्जू' या शब्दाचा अर्थ जोडीने केलेली आत्महत्या असा आहे, तेव्हा ही मालिका मोठ्यांनीच पाहावी.

---

काजूबोंड

कोणीतरी 'मुशिशी'चे नाव घेतले आणि पुढे गेले, ते मला सोसवले नाही. २००५-०६ ची, २६ भागांची मालिका, युकी उरुशिबारा यांच्या मांगावरून केलेली. दर भागाची कथा स्वतंत्र, त्यामुळे कुठूनही पाहिली तरी चालते आणि रात्री एकच भाग पाहून झोपता येते. 'मुशी' म्हणजे धड वनस्पती नाहीत, धड प्राणी नाहीत, असे जिवांच्याही तळाशी असलेले काहीतरी. गिन्को नावाचा वैद्यासारखा माणूस पेटी पाठीला लावून गावोगाव फिरतो आणि माणसांना झालेली मुशींची बाधा दूर करतो. आम्हा कोकणातल्या लोकांना राखणदार, देवचार अंगवळणी पडलेले असतात, त्यामुळे माझ्या आईने पहिला भाग पाहून 'यात नवीन काय' असे विचारले, आणि मग सलग चार पाहिले. फरक तिनेच सांगितला: राखणदाराला राग येतो, मान ठेवावा लागतो; मुशींना काहीच नको असते. ते फक्त असतात, आणि माणूस त्यांच्या वाटेत येतो.

तिसरा भाग बर्फात बुडालेल्या एका खेड्याचा आहे. बर्फ सगळे आवाज शोषून घेतो आणि लोकांच्या कानात मुशी शिरतात. एका मुलाच्या कपाळावर शिंगे फुटलेली, आई त्याच दुखण्यात गेलेली. मरण्यापूर्वी तिने त्याचे कान आपल्या तळव्यांनी झाकलेले असतात. हे वाचता वाचता दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून पाहा. आत खोलवर घरघर ऐकू येईल. आपल्याच हातांच्या स्नायूंचा तो आवाज. मालिकेतली आई त्याला पृथ्वीच्या पोटातल्या लाव्हाचा आवाज म्हणते. त्या मुलाचे पुढे काय होते ते मी सांगणार नाही.

दर्यावर्दी यांच्या मित्रांनी याच मालिकेत झोप काढली असणार. त्यात गैर काही नाही, मीही दोनदा काढली आहे.

---

दर्यावर्दी

ओळखलेत. आता एकदा तिसऱ्या भागासाठी त्यांना पुन्हा बसवतो, पण दुपारच्या जेवणानंतर नाही.

---

उशिराआलेली

अलीकडची एखादी यावी म्हणून लिहिते. 'फ्रीरेन: बियाँड जर्नीज एंड', २०२३-२४, पहिला हंगाम २८ भागांचा. राक्षसराजाला मारून चार वीर परत येतात, तिथे बाकीच्या गोष्टी संपतात. ही तिथून सुरू होते. फ्रीरेन ही हजारो वर्षे जगणारी जादूगार, तिच्या लेखी दहा वर्षांचा प्रवास म्हणजे एक दुपार. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा वीर हिमेल टकला, ठेंगणा म्हातारा झालेला असतो, आणि लवकरच जातो. अंत्यविधीत लोक कुजबुजतात की हिच्या डोळ्यांत पाणीही नाही. मग ती रडते, कारण माणसाचे आयुष्य एवढेसे असते हे माहीत असूनही तिने त्याला जाणून घ्यायचा प्रयत्न केला नव्हता. ज्यांना जादू, तलवारी यांचा कंटाळा आहे त्यांनाच मी ही सुचवते. माझ्या सासूबाईंना हिंदी डबिंगमध्ये दाखवली. निशीकासाईकर नाराज होतील, पण उपशीर्षके वाचायला त्यांचे डोळे साथ देत नाहीत.

---

निशीकासाईकर

नाराज मुळीच नाही. हिंदीत निदान 'आप' आणि 'तू' तरी राहतात. इंग्रजी डबिंगपेक्षा मी केव्हाही हिंदीच निवडीन.

---

चौथीगल्ली

'काउबॉय बीबॉप' कोणीच लिहिली नाही याचे आश्चर्य वाटले. १९९८, २६ भाग, शिनिचिरो वातानाबे यांचे दिग्दर्शन, योको कान्नो यांचे जॅझ. जुने इंग्रजी गुन्हेपट आवडणाऱ्या वडिलांना दाखवा. आणि 'इव्हँगेलियन'ने सुरुवात करू नका, कोणीही कितीही आग्रह केला तरी. तिचे शेवटचे दोन भाग सरावलेल्या प्रेक्षकालाही चक्रावून टाकतात. 'नारुतो'चा हट्ट धरणारा मुलगा घरात असेल तर पहिल्या २२० भागांपैकी १३६ ते २१९ हे बहुतांश भरतीचे आहेत हे त्याला न दुखावता सांगावे. मालिका मांगाच्या पुढे जाऊ नये म्हणून वेळ काढायला ते रचलेले होते.

---

सांजवारा

आत्याचा अहवाल आला आहे. तिचे 'मॉन्स्टर'चे एकोणीस भाग झाले. तिचा आक्षेप असा की तेन्मा डॉक्टर असून वेळेवर जेवत नाही, आणि जर्मनीतले सगळे लोक अस्खलित जपानी कसे बोलतात. मी म्हटले, पूर्वी आपल्या मराठी नाटकांत डेन्मार्कचे राजपुत्र मराठीत बोलायचेच की. यावर ती म्हणाली की ते वेगळे. नातवाला तिने आता रात्री साडेनऊनंतर दूरचित्रवाणीला हात लावायची बंदी केली आहे.

तिसरीघंटा यांची राकुगो मालिका तिच्यासाठी पुढची म्हणून लिहून ठेवली.

---

पाटीपेन्सिल

'बाराकामोन'चे पाच भाग झाले. मुलगा आधी 'यात मारामारी नाही' म्हणून कुरकुरला, पण नारू भिंतीवर चढली तेव्हा त्याने मोबाइल बाजूला ठेवला. काल शाळेत जाताना दारातून 'इत्ते किमासु' म्हणून ओरडला. मला उत्तरातला शब्द ऐन वेळी आठवला नाही, म्हणून 'ये जाऊन' म्हटले. तो जिन्यावरून म्हणाला की तेच तर आहे, आई.

'मार्च' कोणत्या मंचावर मिळेल, हे निशीकासाईकर यांनी कृपया सांगावे. शनिवारपासून तीच लावायची आहे.